नव्या संघाची पहिली जर्सी

कोल्हापुरात नवा फुटबॉल संघ उभा राहायला फार काही लागत नाही. गल्लीत खेळणारी पोरं असतातच. तालमीच्या कट्ट्यावर बैठक होते, नाव ठरतं आणि कुणीतरी विचारतं, "जर्सीचं काय?" तिथून पुढचा गोंधळ मात्र बहुतेक नव्या संघांत सारखाच असतो. मोबाइलवर डिझाइनं फिरतात, दहा नंबरासाठी तिघं अडून बसतात, वर्गणी गोळा होते आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री हातात पडलेला गठ्ठा उघडला की कुणाची बाही आखूड, कुणाचं आडनाव चुकलेलं. हा लेख, ज्याच्या गळ्यात हे काम पहिल्यांदाच पडलं आहे त्याच्यासाठी आहे.

कुठलाही निर्णय घेताना एकच कसोटी लावा: ही जर्सी लांबून ओळखता येते का? पास देणारा मान वर करून क्षणभर बघतो, तेवढ्यात त्याला आपला माणूस दिसला पाहिजे. पंचांना पलीकडच्या टोकावरून नंबर वाचता आला पाहिजे. गॅलरीतल्या माणसाला गोल कुणी मारला ते शेजाऱ्याला न विचारता कळलं पाहिजे. डिझाइन, नक्षी, पुरस्कर्त्याचं नाव हे सगळं त्यानंतर.

आधी सामना बघून या

रंग मोबाइलच्या पडद्यावर ठरवू नका. हंगाम चालू असेल तर शाहू स्टेडियमवर जा आणि गॅलरीत वरच्या पायरीवर बसा. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस असे जुने संघ खेळत असतील तर उत्तमच. त्यांच्या समर्थकांच्या हातातले झेंडे बघा. इथं संघ पेठेचा आणि तालमीचा असतो, त्यामुळं रंगाशी माणसांची माया जडलेली असते. आपल्याच भागातल्या मोठ्या संघाचा रंग जसाच्या तसा उचलला तर त्या संघाला वाईट वाटतं आणि आपल्यालाही स्वतःची ओळख राहत नाही.

बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट तपासा. ऊन उतरायला लागलं की मैदानाचा एक भाग सावलीत जातो. त्या सावलीत गडद निळा, काळा आणि गडद मरून किती सारखे दिसतात ते बघा. गवतावर हिरवा रंग दबतो. लाल आणि हिरवा यांतला फरक काही जणांना दिसतच नाही, आणि ही अडचण पुरुषांत जास्त आढळते. तुमच्या संघात असा एखादा असेल तर विचारून घ्या. तो आपणहून सांगणार नाही.

राखाडी रंगाचं एक उदाहरण इंग्लंडमध्ये घडलं. १३ एप्रिल १९९६ रोजी मँचेस्टर युनायटेड साउदम्पटनच्या मैदानावर राखाडी जर्सी घालून उतरला. मध्यंतरापर्यंत तीन गोल खाल्ले. संघाचे व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी मध्यंतरात सगळ्यांना कपडे बदलायला लावले, कारण गर्दीच्या पार्श्वभूमीवर आपलेच सहकारी खेळाडूंना नीट दिसत नव्हते. निळ्या-पांढऱ्या जर्सीत दुसऱ्या अर्धात त्यांनी एक गोल केला, सामना मात्र ३-१ असा गेला. हार फक्त रंगामुळं झाली असं मी म्हणत नाही. पण एवढ्या मोठ्या संघाला मध्यंतरात जर्सी बदलावीशी वाटली, हे रंग निवडताना लक्षात ठेवा.

नव्या संघाला माझा सल्ला: एक ठळक मुख्य रंग, एक विरोधी रंग, बस्स. पिवळा-काळा, पांढरा-लाल, केशरी-निळा. पट्टे हवे असतील तर उभे घ्या, पण पाठीवर नंबराच्या जागी सपाट एकरंगी चौकोन सोडा. पट्ट्यांवर छापलेला नंबर वाचता येत नाही.

एक रंग पुरत नाही

पहिल्या वर्षी बहुतेक संघ एकच संच करतात. पैशाची अडचण खरी असते, मान्य आहे. पण समोरचा संघ त्याच रंगात आला तर? हे विश्वचषकातही झालं आहे. १९७८ साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथं फ्रान्स आणि हंगेरी दोघंही पांढऱ्या जर्सी घेऊन मैदानावर हजर झाले. शेवटी तिथल्याच किंबर्ली नावाच्या स्थानिक क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी मागवल्या, सामना उशिरा सुरू झाला आणि फ्रान्सचे खेळाडू त्या उसन्या कपड्यांत खेळले.

दुसरा पूर्ण संच परवडत नसेल तर बिब, म्हणजे जर्सीवरून चढवायच्या बिनबाह्यांच्या बंड्या, घेऊन ठेवा. सरावातही उपयोगी पडतात. मुख्य जर्सी गडद असेल तर बिब फिक्या रंगाचे घ्या. बिबवर नंबर टाकून घेतले तर पंचांची तक्रार राहत नाही.

गोलकीपरचा विचार सगळ्यात शेवटी होतो आणि ते चुकीचं आहे. खेळाच्या नियमांतला चौथा नियम पोशाखाबद्दल आहे. त्यानुसार गोलकीपरचा रंग दोन्ही संघांच्या खेळाडूंपेक्षा आणि पंचांपेक्षा वेगळा हवा. पंच बहुधा काळ्या किंवा पिवळ्या कपड्यांत असतात, म्हणून गोलकीपरला काळा देणं टाळा. आपला संघ, संभाव्य प्रतिस्पर्धी आणि पंच या तिन्हींत न येणारा रंग शोधा. पोपटी, गुलाबी, जांभळा यांपैकी काहीतरी बहुतेक वेळा चालून जातं. गोलकीपरच्या दोन जर्सी करा, दोन रंगांच्या. लांब बाहीच्या केल्या तर इथल्या कडक मैदानांवर झेप घेताना कोपर तरी सोलवटत नाही.

त्याच नियमात आणखी काही गोष्टी आहेत. जर्सीला बाह्या असायलाच हव्यात. २००२ च्या आफ्रिकी चषकात कॅमेरूनचा संघ बिनबाह्यांच्या जर्सी घालून खेळला, पण त्याच वर्षीच्या विश्वचषकात फिफानं त्या चालू दिल्या नाहीत आणि त्यांना खाली काळ्या बाह्या जोडाव्या लागल्या. जर्सीच्या आत बनियन किंवा घट्ट टी-शर्ट घालायचा असेल तर त्याच्या बाहीचा रंग जर्सीच्या बाहीच्या मुख्य रंगाचाच हवा. पोशाखावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा आणि चित्रं चालत नाहीत. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडं नीट समजून घ्यायला हवा. जर्सीचा खर्च उचलणारा माणूस बऱ्याचदा राजकारणातला असतो आणि फोटोची अपेक्षा असते. त्यांना आदरानं सांगा की फोटो स्वागताच्या फलकावर मोठा लावू, जर्सीवर व्यवसायाचं नाव घेऊ. ऑर्डर देण्याआधी हे बोलणं सोपं असतं.

कापड

सगळ्यात जास्त फसवणूक आणि सगळ्यात जास्त समाधान, दोन्ही इथंच.

सुती जर्सी घालून मार्च-एप्रिलमध्ये पाऊण तास पळून बघितलं की कळतं. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं, जर्सी जड होऊन अंगाला चिकटते. पॉलिएस्टर घाम शोषत नाही. त्याच्या विणीतून तो बाहेरच्या बाजूला पसरतो आणि वाऱ्यानं उडून जातो. म्हणून खेळाच्या जर्सी पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडाच्या असतात. आपल्या शेजारी इचलकरंजी आहे, मागांचं गाव, पण तिथलं नाव मुख्यतः मागावरच्या सुती कापडासाठी आहे. जर्सीला लागतं ते होजिअरीसारखं ताणलं जाणारं कापड. दुकानदार ते डॉट निट, इंटरलॉक, मेश, हनीकोंब अशा नावांनी दाखवतात. नावांवर जाऊ नका, हातात घ्या.

वजन विचारा. एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं त्याला जीएसएम म्हणतात. १३० ते १६० जीएसएम फुटबॉलसाठी ठीक. त्याहून फार हलकं घेतलं तर पांढऱ्या रंगात अंग दिसतं आणि ओढाताणीत धागे निघतात. १८०, २०० जीएसएमचं कापड दुकानात हाताला छान, भरीव लागतं. नेमकं तेच उन्हात जाच करतं. नवखा माणूस जाड कापडाला चांगलं कापड समजतो, तिथं सावध राहा.

तपासायची पद्धत साधी आहे. कापडाच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच पसरला तर घामही पसरेल. मोत्यासारखा वर बसून राहिला तर ते कापड नको. तुकडा दोन्ही हातांनी आडवा ताणा आणि सोडा, मूळ मापावर आला पाहिजे. उजेडासमोर धरा. नख घासून बघा, धागा अडकून वर येतो का. काखेखाली आणि कुशीला जाळीचा वेगळा तुकडा लावून घेतला तर हवा खेळते, आणि मला विचाराल तर कॉलरवरच्या नक्षीपेक्षा ह्यावर खर्च करावा.

जर्सीच्या वजनाची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट अर्जेंटिनाची. १९८६ च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध त्यांना निळी जर्सी घालावी लागणार होती. प्रशिक्षक कार्लोस बिलार्दो यांना ती दुपारच्या उन्हासाठी फार जड वाटली. मग संघाच्या माणसानं मेक्सिको शहरातल्या दुकानांतून हलक्या निळ्या जर्सी शोधून आणल्या, त्यांच्यावर घाईघाईनं बिल्ले शिवले आणि चंदेरी नंबर इस्त्रीनं चिकटवले. २२ जून रोजी मॅराडोनानं हातानं केलेला गोल आणि अर्धं मैदान कापून केलेला गोल, दोन्ही त्याच बाजारातल्या जर्सीत. २०२२ साली ती जर्सी लंडनमध्ये लिलावात ७१ लाख पौंडांवर गेली. ज्या पोरांच्या भिंतीवर मॅराडोनाचं चित्र आहे त्यांना कापड निवडताना ही गोष्ट जरूर सांगा.

छपाई: सब्लिमेशन की स्टिकर

दोन मुख्य मार्ग आहेत. सब्लिमेशनमध्ये डिझाइन आधी खास कागदावर उलटं छापतात. मग तो कागद आणि पांढरं पॉलिएस्टर कापड साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास एकत्र दाबतात. शाईची वाफ होते आणि ती धाग्यात शिरते. रंग कापडाचाच भाग होतो, सोलत नाही, हाताला जाणवत नाही, छिद्रं बुजत नाहीत. मात्र हे पांढऱ्या किंवा अगदी फिक्या पॉलिएस्टरवरच जमतं, सुतावर नाही.

दुसरा मार्ग तयार रंगीत जर्सी घेऊन तिच्यावर नंबर उष्णतेनं चिकटवण्याचा. याला बाजारात विनाइल किंवा स्टिकर म्हणतात. कमी जर्सी करायच्या असतील, घाई असेल तर हा बरा. पण मोठा सलग स्टिकर पाठीवर घाम अडवतो आणि धुण्यात निष्काळजीपणा झाला की कडा उठतात. पूर्ण संघासाठी मी सब्लिमेशनच सुचवेन.

सब्लिमेशन करताना एक अट घाला: आधी तुकडे छापा, मग शिवा. शिवलेल्या जर्सीवर छपाई केली तर काखेत आणि शिवणीत घडी राहते आणि तिथं पांढऱ्या रेघा उमटतात. पडद्यावर दिसणारा रंग आणि कापडावर उतरणारा रंग वेगळा असतो, विशेषतः केशरी आणि गडद निळा. म्हणून वीतभर तुकडा छापून मागा, तो उन्हात नेऊन बघा आणि मगच होकार द्या.

मराठी नाव छापणार असाल तर जीव लावून तपासा. छपाईवाल्याकडं फाइल बहुधा कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. दुसऱ्या संगणकावर ती उघडली की मराठी फॉन्ट बदलतो, रफार भलत्याच अक्षरावर जातो, वेलांटी सुटते, जोडाक्षर फुटतं. 'ऋणमुक्तेश्वर', 'संध्यामठ' किंवा 'उत्तरेश्वर' अशा नावांचं काय होत असेल ते ओळखा. अक्षरांच्या बाह्यरेषा करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून (मग फॉन्ट बदलत नाही), मगच फाइल छपाईला द्यायला सांगा आणि छापण्याआधीचं चित्र संघातल्या दोन वेगवेगळ्या माणसांनी वाचा. आपलं आडनाव ज्यानं त्यानं स्वतः तपासून सही करावी, हा नियम केला तर नंतर रुसवे होत नाहीत.

नंबर

फुटबॉलमध्ये नंबर घालायची सुरुवात इंग्लंडच्या लीगमध्ये २५ ऑगस्ट १९२८ रोजी झाली, आर्सेनल आणि चेल्सी यांच्या त्या दिवशीच्या वेगवेगळ्या सामन्यांत. त्या काळी नंबर जागेचा असायचा: गोलकीपर १, बचाव २ आणि ३, मधली फळी ४, ५, ६, पुढचे पाच ७ ते ११. खेळायची पद्धत बदलली तरी त्यातलं बरंच टिकून आहे, म्हणून आजही ९ म्हटलं की पुढचा आणि १० म्हटलं की खेळ रचणारा डोळ्यांसमोर येतो.

आता भांडणाचा विषय. पेले, मॅराडोना, मेस्सी यांच्यामुळं १० हवा, रोनाल्डोमुळं ७ हवा. विश्वचषकाच्या दिवसांत पेठांमध्ये ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे आणि कटआउट बघत वाढलेल्या पोरांना हे वाटणारच, त्यात गैर काही नाही. वाटपाची रीत मात्र जर्सी छापण्याआधी सगळ्यांसमोर ठरवा. वयानं मोठ्याला आधी निवड, किंवा सरळ चिठ्ठ्या. अर्जेंटिनानं १९८२ साली आडनावांच्या वर्णक्रमानं नंबर वाटले. त्यामुळं मधल्या फळीतल्या अर्दिलेसच्या पाठीवर १ आला आणि गोलकीपर फिलोलच्या पाठीवर ७. मॅराडोनाला तेवढा अपवाद करून १० दिला. तुम्ही अपवाद करू नका. नव्या संघात तो पहिला तडा ठरतो.

पाठीवरच्या नंबराची उंची २५ ते ३५ सेंटीमीटर ठेवा, मोठ्या स्पर्धांतही याच मापात असतो. छातीवर किंवा चड्डीवर छोटा नंबर घेतला तर १० ते १५ सेंटीमीटर. आकडे इंग्रजी घ्या, कारण पंचांच्या कार्डावर तेच लिहिले जातात आणि देवनागरी १ आणि ९ लांबून एकमेकांसारखे दिसतात. नाव देवनागरीत घ्या, ते शोभतंच. आकड्यांचा फॉन्ट साधा, जाड. ६, ८ आणि ९ यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा स्पष्ट हव्यात. छापलेला नमुना मैदानाच्या एका कडेला धरून दुसऱ्या कडेवरून वाचून बघा.

मापं आणि ऑर्डर

"मला एल" एवढ्यावर मापं घेऊ नका. एका कारखान्याचा एल दुसऱ्याच्या एमएवढा असतो. प्रत्येकाला सांगा, अंगाला नीट बसणारी एक जर्सी घेऊन ये. ती सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेपनं मोजा, खांद्यापासून खालपर्यंत लांबी मोजा आणि वहीत नावापुढं लिहा. शिवणाऱ्याकडून त्याच्या मापांचा तक्ता आणि शक्य असेल तर प्रत्येक मापाची एक तयार जर्सी तालमीत मागवा. पोरांनी घालून, हात वर करून, वाकून बघावं. वाढत्या वयाच्या मुलांना एक माप मोठं द्या. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या निळ्या जर्सीत खेळला. तेव्हापासून लहान मुलांचे आईबापही जर्सीकडं गंभीरपणे बघतात आणि ती दोन हंगाम टिकावी अशी त्यांची रास्त अपेक्षा असते.

मोजलेल्या संख्येपेक्षा दोन जर्सी जास्त करा, एक मध्यम आणि एक मोठी, न दिलेले नंबर टाकून. खेळाडूला लागलं आणि जर्सीवर रक्त आलं तर ती बदलल्याशिवाय पंच त्याला परत आत घेत नाहीत. अशा वेळी पिशवीत जादा जर्सी असली पाहिजे आणि बदललेला नंबर पंचांना सांगितला पाहिजे.

हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर सगळ्यांचीच कामं एकदम येतात. किमान महिनाभर आधी ऑर्डर द्या. आगाऊ रक्कम द्या, पण पावतीवर कापडाचं जीएसएम, छपाईची पद्धत, जर्सींची संख्या आणि देण्याची तारीख लिहून घ्या. पूर्ण पैसे गठ्ठा उघडून, यादीशी ताडून झाल्यावर. कारागिराशी भाव करताना फार घासाघीस करू नका. तो पैसा शेवटी शिलाईतून कापला जातो आणि काखेतली शिवण पहिल्याच ओढाओढीत उसवते.

मैदानावर आणि घरी

वाटप सामन्याच्या दिवशी नको, एक सराव नव्या जर्सीत होऊ द्या. नावं आणि नंबरांची यादी स्पर्धेच्या कार्यालयात दिलेल्या यादीशी जुळते का तेही तेव्हाच कळतं. आणि पोरांना आधीच बजावा: गोल केल्यावर आनंदानं जर्सी काढली तर पिवळं कार्ड मिळतं, पुढं तो गोल रद्द झाला तरीही. बाद फेरीत अशा कार्डामुळं चांगला खेळाडू गमावणं परवडत नाही.

सामना झाला की ओली जर्सी पिशवीत कोंबून ठेवू नका. पॉलिएस्टरमध्ये घामाचा वास बसला की निघता निघत नाही. चिखल असेल तर वाळू द्या, झटका, मग धुवा. उलटी करून, थंड पाण्यात, साध्या पावडरीनं. ब्लीच नको, कपडे मऊ करायचं द्रावण तर अजिबात नको, त्याचा थर बसून कापड घाम पसरवायचं थांबवतं. ब्रशनं नंबर घासू नका, पीळ घालून पिळू नका, सावलीत वाळवा. इस्त्री लागत नाही, करायचीच असेल तर अगदी कोमट आणि उलट बाजूनं.

जर्सी छापून झाल्या की छपाईवाल्याकडून मूळ फाइल, रंगांचे क्रमांक आणि छापलेला तो वीतभर तुकडा मागून घ्या. पुढच्या हंगामात चार नवी पोरं येतील, तेव्हा त्यांच्या जर्सीचा रंग जुन्यांशी जुळवायला हेच तिन्ही लागतं. फाइल एकाच्या मोबाइलवर न ठेवता दोघा-तिघांकडं ठेवा, आणि तुकडा तालमीतल्या कपाटात, उन्हापासून लांब.